शेळीचं दूध आटतं तेव्हा

शेळीचं दूध, साखर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. एवढ्या सामानातून घरच्या कढईत उत्तम कॅरॅमल होतं. ते कसं होतं, कधी फसतं आणि का फसतं, हे समजून घेऊ.

साधी वाटणारी तीन कोडी

कोरड्या कढईत साखर तापवली की ती आधी वितळते, मग सोनेरी होते आणि शेवटी तांबडी. त्यासाठी तिला १६० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर न्यावं लागतं. दूध मात्र १०० अंशांच्या जवळपास उकळतं, आणि त्यात भरपूर पाणी आहे तोवर फारसं वर चढत नाही. तरीही तासभर आटवलेल्या बासुंदीला बदामी छटा येते. साताऱ्याचा कंदी पेढा त्याहून तांबूस असतो आणि बेळगावचा कुंदा चांगलाच तपकिरी. साखर ज्या तापमानाला लाल होते तिथवर दूध पोचतच नाही. मग हा रंग येतो कुठून?

दुसरं कोडं चहाचं आहे. साखरेच्या चहात दूध निमूट मिसळतं. गुळाच्या उकळत्या चहात तेच दूध घातलं की कित्येकदा फाटतं. म्हणूनच जाणत्या बायका गुळाच्या चहात दूध शेवटी, भांडं खाली उतरवल्यावर घालतात.

तिसरं कोडं शेळ्या पाळणाऱ्या घरांना ठाऊक आहे. शेळीचं ताजं दूध एकदा उकळलं तर काही होत नाही, पण त्याचीच बासुंदी करायला घेतली तर अर्ध्या वाटेवर त्यात कण दिसू लागतात. गाईम्हशीचं दूध त्याच कढईत, त्याच आचेवर नीट आटतं.

या तिन्ही कोड्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. शेळीच्या दुधाचं कॅरॅमल करताना ती एकाच कढईत एकापाठोपाठ एक समोर येतात, म्हणून हा पदार्थ समजून घ्यायला फार चांगला आहे.

शेळी आपली, पदार्थ दूरचा

लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड या भागांत दारात बांधलेली शेळी बहुतेक वेळा उस्मानाबादी जातीची किंवा तिच्या वळणाची असते. बहुतांशी काळी, उंच पायांची, कमी पाण्यात तग धरणारी, बाभूळ-बोरीच्या पाल्यावर भागवणारी आणि बरेचदा जुळी करडं देणारी. ही जात मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. दूध दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर. त्यातलं पहिलं माप करडांचं, उरलेलं घरच्या चहाचं. डेअरीच्या केंद्रावर गाईम्हशीच्या दुधाची रांग लागते, तिथे शेळीचं दूध क्वचितच जातं.

दूध आटवून टिकवायची कला मात्र आपल्याकडे मुरलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तो खवा गाईम्हशीच्या दुधाचा.

शेळीचं दूध आटवून गोड करण्याची मोठी परंपरा मेक्सिकोत आहे. तिथल्या ग्वानाह्वातो राज्यातलं सेलाया हे शहर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. अमेरिका खंडात पाळीव शेळी मूळची नव्हती. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर ती तिथे गेली, कोरड्या माळरानावर रुळली आणि तिच्या दुधापासून ‘काहेता’ नावाचं दाट, चमच्याने ओघळणारं कॅरॅमल तयार होऊ लागलं. कोरडा माळ, काटक शेळी आणि ऊस, या तिन्ही गोष्टी मराठवाड्यात आहेत. त्यामुळे लातूर-नांदेडच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ करायला बाहेरून काहीच आणावं लागत नाही.

पाणी जातं, बाकीचं दाटतं

आधी हिशोब मांडू. एक लिटर शेळीच्या दुधाचं वजन साधारण १०३० ग्रॅम भरतं. त्यात सुमारे ९०० ग्रॅम पाणी असतं आणि उरलेल्या १३० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज आणि क्षार असतात. त्यात आपण २०० ग्रॅम साखर घालतो. कॅरॅमल तयार होतं तेव्हा कढईत सुमारे ४७० ग्रॅम ऐवज उरतो. घन पदार्थ तेवढेच राहिले, म्हणजे ३३० ग्रॅम. पाणी मात्र ९०० वरून १४० ग्रॅमवर आलं.

वाफ होऊन गेलं ते फक्त पाणी. आम्ल, क्षार, लॅक्टोज, प्रथिनं सगळी मागे राहिली आणि पूर्वीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी पाण्यात दाटीवाटीने बसली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत मोकळ्या माळावर पांगलेली माणसं एकमेकांना क्वचित धडकतात. तीच माणसं दुकानांच्या दोन ओळींमधल्या बोळात शिरली की पावलोपावली खांदा लागतो. माणसं तेवढीच असतात, जागा कमी होते. आटणाऱ्या दुधातही हेच घडतं. जे कण पातळ दुधात एकमेकांपासून लांब होते ते आता सतत भेटतात, आणि भेटले की त्यांच्यात काहीतरी घडतं. दूध फाटणं, रंग चढणं, रवा धरणं ही सगळी या दाटीची फळं आहेत. त्यांतलं कोणतं हवं आणि कोणतं टाळायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

दूध फाटतं कसं?

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते पाण्यात एकेकटं फिरत नाही. हजारो रेणू एकत्र येऊन त्याचे सूक्ष्म गोळे बनतात आणि कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार त्या गोळ्यांना आतून बांधून ठेवतात. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून गोळे चिकटत नाहीत आणि दूध एकजीव राहतं.

आम्ल वाढलं की हा भार कमी होतो. भार पुरेसा उरला नाही की गोळे एकमेकांना चिकटतात आणि आपण म्हणतो, दूध फाटलं. थंड दुधाला फाटायला बरंच आम्ल लागतं. दही लागताना ते हळूहळू तयार होतं. उकळत्या दुधाला मात्र थोडंसं आम्लही पुरतं, कारण उष्णतेने गोळे जोरात आदळत असतात. गुळाच्या चहाचं कोडं इथे सुटतं. उसाच्या रसातली आम्लं आणि क्षार गुळात काही प्रमाणात राहतात. पांढऱ्या साखरेतून ती जवळजवळ निघून गेलेली असतात.

दूध आटताना बाहेरून काहीही न घालता आम्लता वाढते. पाणी कमी झाल्यामुळे दुधातलं मूळचं आम्ल दाटतं. तापल्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन गोळ्यांवर बसतात आणि त्या क्रियेत आणखी आम्लता मोकळी होते. शिवाय फार वेळ तापवलेल्या लॅक्टोजचं थोडं विघटन होऊन त्यातूनही आम्लं तयार होतात.

गाईच्या दुधात या वाढत्या आम्लतेला तोंड द्यायची ताकद जास्त असते. शेळीच्या दुधातल्या केसीनची घडण वेगळी आहे. गाईच्या दुधात भरपूर असलेला केसीनचा एक प्रकार शेळीच्या दुधात कमी असतो, आणि मोकळं कॅल्शियम तुलनेने जास्त असतं. मोकळं कॅल्शियम गोळ्यांवरचा भार आणखी घटवतं. म्हणून तेवढ्याच आचेवर शेळीचं दूध आधी फाटतं. यात आटवणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो आणि दूध शिळंच असतं असंही नाही.

चिमूटभर सोड्याची दोन कामं

फाटणं रोखायचं तर आम्लतेला आवर घालायला हवा, आणि ते काम खाण्याचा सोडा करतो. सोडा अल्कधर्मी आहे. दुधातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की पाणी, क्षार आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. आम्ल निकामी होतं, केसीनच्या गोळ्यांवरचा भार टिकतो आणि दूध शेवटपर्यंत एकजीव राहतं.

हा वायू सुटतो म्हणूनच सोडा घातल्याबरोबर दूध फसफसून वर येतं. उकळत्या, काठोकाठ भरलेल्या कढईत सोडा टाकला तर दूध शेगडीवर सांडणारच. म्हणून कढई दुधाच्या तिप्पट तरी मोठी घ्यायची, ती आचेवरून उतरवायची आणि चमचाभर पाण्यात विरघळवलेला सोडा हळूहळू ओतायचा.

प्रमाण थोडं आहे. एक लिटर दुधाला चहाच्या चमच्याचा पाव भाग, म्हणजे ग्रॅमभराहून थोडा जास्त. ताज्या दुधातली आम्लता शमवायला तेवढा जवळजवळ पुरतो. जास्त घातला तर चव साबणासारखी लागते आणि रंग फार लवकर काळपट होतो. धुण्याचा सोडा खाण्यासाठी नसतो, तो इथे कधीही चालणार नाही. बेकिंग पावडरही नको, कारण तिच्यात सोड्याबरोबर आम्लाची भुकटीही मिसळलेली असते.

सोड्याचं दुसरं काम रंगाचं आहे.

तांबूस रंगाचं रहस्य

१९१२ साली लुई कामीय मायार या फ्रेंच संशोधकाने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली आणि मिश्रण तपकिरी होतं हे नोंदवलं. या क्रियेला आज मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, खरपूस तळलेल्या कांद्याची चव या सगळ्यांत तिचा मोठा वाटा आहे.

दुधात या क्रियेचे दोन्ही भागीदार आयतेच हजर असतात. एक लॅक्टोज आणि दुसरं प्रथिनातलं लायसिन नावाचं अमिनो आम्ल. लॅक्टोजच्या रेणूचं एक टोक रासायनिकदृष्ट्या मोकळं असतं. ते टोक लायसिनला जोडलं जातं. ही जोडी अस्थिर असते. पुढच्या टप्प्यांत ती मोडते, तिच्यातून सुवासिक पदार्थ सुटतात आणि शेवटी तपकिरी रंगाचे मोठे रेणू तयार होतात. हे सगळं १०० अंशांच्या आसपासही घडतं, फक्त वेळ लागतो. पहिल्या कोड्याचं हे उत्तर आहे. आटीव दुधाचा रंग जळलेल्या साखरेचा नाही. तो दुधातल्या साखरेच्या आणि प्रथिनाच्या संयोगाचा आहे.

आपण वरून घातलेली साखर या क्रियेत थेट भाग घेत नाही, कारण तिच्या रेणूची दोन्ही टोकं आपसात बांधलेली असतात. ती गोडी देते, दाटपणा देते आणि कॅरॅमलला ओघळण्याइतकं सैल ठेवते. साखरेऐवजी गूळ घातला तर चित्र बदलतं. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या मोकळ्या टोकाच्या साखरा आधीपासून असतात. त्यामुळे रंग लवकर चढतो, पण आम्लतेमुळे दूध फाटण्याचा धोकाही वाढतो. गुळाचं कॅरॅमल करायचंच असेल तर दूध साखरेवर निम्मं आटवावं आणि थोडा गूळ वेगळा, पाण्यात उकळून गाळून, अगदी शेवटी घालावा.

मायार अभिक्रियेचा वेग तीन गोष्टी वाढवतात. पहिली म्हणजे उष्णता. दुसरी दाटी, कारण पाणी कमी झालं की भागीदार लवकर भेटतात. तिसरी अल्कधर्मीपणा, कारण आम्ल वातावरणात लायसिनचं टोक झाकलेलं असतं आणि आम्ल कमी झालं की ते मोकळं होतं. म्हणजे फाटणं रोखणारा सोडाच रंगालाही चालना देतो. मेक्सिकोच्या कोरड्या माळावरच्या स्वयंपाक्यांनी ही रीत बसवली तेव्हा हे रसायनशास्त्र कुणी लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या अनुभवाने ते नेमकं पकडलं होतं.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. पहिला बराच वेळ कढईत काहीच होत नाही असं वाटतं. शेगडीची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते, म्हणून दूध उकळीच्या तापमानाशीच थांबलेलं असतं. शेवटच्या वीसेक मिनिटांत पाणी थोडं उरतं, उकळीचं तापमान १०० अंशांच्या चार-पाच अंश वर सरकतं, दाटी वाढते आणि रंग भराभर चढतो. धीर सुटतो तो आधी, आणि लक्ष लागतं ते शेवटी.

शेळीच्या दुधाचा वास

शेळीचं दूध नको म्हणणारे बहुतेक जण वासामुळे नको म्हणतात. या दुधाच्या स्निग्धांशात आखूड साखळीची काही मेदाम्लं गाईच्या दुधाच्या मानाने जास्त असतात. स्निग्धांशात बांधलेली असतात तोवर त्यांचा वास येत नाही. दुधातच असलेलं लायपेज नावाचं विकर त्यांना सोडवतं तेव्हा उग्र वास सुटतो. शेळीच्या दुधात या विकराचा मोठा भाग स्निग्धांशाच्या थेंबांना चिकटलेला असतो, त्यामुळे निरसं दूध नुसतं ठेवलं किंवा फार हलवलं तरी वास वाढत जातो.

उपाय सोपा आहे. धार काढली की दूध स्वच्छ फडक्याने गाळून लगेच उकळायचं. उकळल्याने हे विकर निकामी होतं. धार काढायच्या जागेपासून बोकड लांब बांधायचा, कारण त्याच्या अंगाचा दर्प दुधाला लागतो. कास आणि हात धुऊन घ्यायचे. दोन-तीन दिवसांचं दूध साठवायचं असेल तर प्रत्येक वेळचं दूध वेगळं उकळून, गार करून, मग फ्रीजमधल्या दुधात मिसळायचं. गरम दूध थेट थंड दुधात ओतलं तर सगळंच बराच वेळ कोमट राहतं आणि आंबतं. आंबट झालेल्या दुधाचं कॅरॅमल होत नाही, त्याला सोडाही वाचवू शकत नाही.

शेळीच्या स्निग्धांशाचा एक गुण मात्र आपल्या कामी येतो. त्याचे थेंब गाईच्या दुधातल्यापेक्षा बारीक असतात आणि साय लवकर वेगळी होत नाही. त्यामुळे कॅरॅमल तुकतुकीत आणि एकसारखं होतं.

रवा का धरतो?

नीट झालेलं कॅरॅमल आठवड्याभराने जिभेला कचकचीत लागतं, अशी तक्रार होते. लोकांना वाटतं साखर जास्त झाली. हिशोब वेगळंच सांगतो. आपल्या ४७० ग्रॅम कॅरॅमलमध्ये १४० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम साखर आहे. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे १४० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखरेला जागा आहे. लॅक्टोजचं तसं नाही. ते १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २० ग्रॅम विरघळतं. एक लिटर दुधात साधारण ४५ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि १४० ग्रॅम पाण्यात त्यातलं २८ ग्रॅमच मावू शकतं. उरलेलं आज ना उद्या स्फटिक होऊन बाहेर पडणार. गरम असताना लॅक्टोज भरपूर विरघळतं, म्हणून ताजं कॅरॅमल गुळगुळीत असतं.

स्फटिक पूर्ण टाळता येत नाहीत, बारीक ठेवता येतात. मोजके स्फटिक सावकाश वाढले तर ते मोठे होतात आणि जिभेला कळतात. असंख्य स्फटिक एकदम सुरू झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच लॅक्टोज येतं आणि कुणालाच मोठं होता येत नाही. म्हणून कढई उतरवली की ती गार पाण्याच्या परातीत ठेवून, मिश्रण कोमट होईपर्यंत न थांबता ढवळायचं. दुसरी काळजी म्हणजे फार आटवायचं नाही. वजन ४३० ग्रॅमवर आणलं तर पाणी १०० ग्रॅमच उरतं आणि मग साखरही काठावर येते. तीही रवा धरू लागते.

कढईपाशी

साहित्य: शेळीचं ताजं दूध १ लिटर, साखर २०० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, दालचिनीचा बोटभर तुकडा किंवा दोन वेलदोडे.

१. जाड बुडाची, पसरट आणि खोल स्टीलची किंवा कल्हई केलेली पितळी कढई घ्या. अल्युमिनियम नको, सोड्याने ते काळवंडतं. लोखंडी कढईने चव आणि रंग बिघडतो.

२. दूध, साखर, मीठ आणि दालचिनी किंवा वेलदोडे एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.

३. दूध उकळू लागलं की कढई उतरवा. चमचाभर पाण्यात विरघळवलेला सोडा हळूहळू ओता. फेस बसला की कढई परत आचेवर ठेवा.

४. मंद ते मध्यम आचेवर, हलकी उकळी राहील असं आटवा. सुरुवातीला अधूनमधून ढवळलं तरी चालतं. पातळ दूध स्वतःच वरखाली फिरतं आणि बुडाची उष्णता वर नेतं.

५. साधारण पाऊण तासाने दूध दाटू लागतं आणि फिकट बदामी होतं. दालचिनी किंवा वेलदोडे काढून टाका. इथून पुढे दाट मिश्रण स्वतः फिरत नाही. बुडाचा थर तिथेच थांबतो, त्यातलं पाणी संपतं आणि तो करपतो. म्हणून आच कमी करा आणि कलथ्याने बूड खरवडत सतत ढवळा.

६. कलथा बुडावरून ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला आणि मिश्रण सावकाश परत मिळालं, की थेंबभर गार ताटलीवर टाका. थेंब पसरला नाही आणि बोटाला चिकटला, तर आच बंद करा. एकूण वेळ साधारण एक ते दीड तास.

७. गार पाण्याच्या परातीत ठेवून कोमट होईपर्यंत ढवळा. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून कढईत थोडं सैल असतानाच थांबा. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे चांगलं राहतं. चमचा नेहमी कोरडा आणि स्वच्छ घ्या.

पोळीला लावून, शिऱ्यावर घालून, केळ्याबरोबर किंवा ज्वारीच्या गरम भाकरीवर तुपाच्या जोडीने, कसंही छान लागतं.

चौकट: काय बिघडलं आणि का?

• अर्ध्यातच कण दिसले: दूध आंबटसर होतं, सोडा कमी पडला किंवा उशिरा घातला. असं दूध फेकू नका. कोरडं होईपर्यंत परता, कलाकंदासारखी दाणेदार मिठाई होईल.

• रंगच येत नाही: पाणी अजून बरंच आहे. सोडा वाढवू नका, आटवत राहा.

• कडवट चव: बुडाला लागलं. करपलेला थर खरवडू नका, वरचं मिश्रण दुसऱ्या भांड्यात काढा.

• साबणासारखी चव: सोडा जास्त झाला. यावर इलाज नाही.

• फार घट्ट झालं: थोडं गरम दूध घालून मंद आचेवर परत एकजीव करा.

• कचकच लागतं: लॅक्टोजचे स्फटिक झाले. हलकं गरम केलं की विरघळतात, मग ढवळत भरभर गार करा.

निरसं दूध नको

शेळीचं धारोष्ण दूध औषधी म्हणून तसंच पिण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती धोक्याची आहे. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला होऊ शकतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, घाम आणि सांधेदुखी ही त्याची लक्षणं. माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये या तापाचा जिवाणू शोधला आणि १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी तो तिथल्या शेळ्यांमध्ये असल्याचं दाखवलं. दिसायला धडधाकट शेळ्यांच्या दुधातून तो माणसांपर्यंत जात होता. उकळल्याने हा जिवाणू मरतो. कॅरॅमलसाठी तासभर आटवलेल्या दुधात तो उरत नाही. चहाचं आणि मुलांना द्यायचं दूधही प्रत्येक वेळी उकळूनच द्यायला हवं.

कॅरॅमलकडे दुधाचा पौष्टिक पर्याय म्हणून पाहू नये. त्यात साखर भरपूर आहे आणि रंग येताना लायसिनचा काही भाग खर्ची पडतो. ज्यांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांना शेळीच्या दुधाचीही असू शकते. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना हेही पचणार नाही.

दारातल्या शेळीचा वाटा

शेळीच्या दुधाला गावात बाजार मिळत नाही याची तीन कारणं आपण पाहिली. ते थोडं निघतं, लवकर वास धरतं आणि आटवायला गेलं तर फाटतं. वासाला वेळेवर उकळण्याचं उत्तर आहे. फाटण्याला पाव चमचा सोड्याचं उत्तर आहे. थोडं निघण्याचं उत्तर साठवण्यात आहे, आणि एक लिटरचं अर्धा किलो होऊन काही आठवडे टिकत असेल तर तेवढं दूधही पुरतं. आधी करडांचं पोट भरायला हवं, हे मात्र ठरलेलं. जुळ्या करडांच्या शेळीचं सुरुवातीचं दूध कढईत घालू नये.

घरापुरतं करून हात बसला की दोन-चार शेळ्या असलेल्या बायका एकत्र येऊनही हे करू शकतात. विकायचं असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी, स्वच्छ जागा आणि प्रत्येक घाण्याला तेच वजन, तेच तापमान लागेल. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय आणि दुग्धतंत्रज्ञान अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. शेळीच्या आरोग्यापासून बरणीच्या टिकाऊपणापर्यंतचे प्रश्न विचारायला इतकी जवळची जागा फार थोड्या जिल्ह्यांना मिळते. तिथे जाऊन विचारावं. खव्याने भूमच्या भट्ट्यांना जे दिलं ते उस्मानाबादी शेळीच्या दुधाने लातूर-नांदेडच्या घरांना थोड्या प्रमाणात तरी द्यावं, यासाठी लागणारं ज्ञान आपल्या हाताशी आहे.